रात्रपाळीतला केस पेपर

वाचकांचे प्रश्न

नागपुरात चोवीस तास चालणाऱ्या प्राण्यांच्या एका रुग्णालयात, तातडीच्या विभागात, डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून नोंदी लिहिण्याचं काम करणाऱ्या ताई या महिन्यात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देत आहेत. या कामाला ‘मेडिकल स्क्राइब’ म्हणतात. आलेल्या पत्रांपैकी काही निवडून, थोडी कमी करून, इथे घेतली आहेत.

प्रश्न : ताई, मी वर्ध्याची. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. नीटमध्ये थोडक्यात व्हेटर्नरी हुकलं. नागपूरच्या एका पेट हॉस्पिटलची ‘मेडिकल स्क्राइब पाहिजे, रात्रपाळी’ अशी जाहिरात पाहिली. बाबा म्हणतात, लिहायचंच काम करायचं तर बँकेची परीक्षा दे. या कामात नेमकं करायचं काय असतं?

उत्तर : लिहिण्याचंच काम आहे, हे बाबांचं खरं आहे. पण काय लिहायचं, कधी लिहायचं आणि कोणासाठी, ते तुला सांगते. मग तू ठरव.

मी आधी नागपुरातल्याच एका कंपनीत अमेरिकेतल्या डॉक्टरांसाठी हेच काम करत होते. तिकडे २००९ साली एक कायदा आला आणि दवाखान्यांच्या नोंदी भराभर संगणकावर गेल्या. डॉक्टरांचा वेळ टायपिंगमध्ये जायला लागला, म्हणून नोंदी लिहिणाऱ्या माणसांची मागणी वाढली. तिकडचा दिवस म्हणजे आपली रात्र. हेडफोन लावून मी पेशंटचं बोलणं ऐकायचे : छातीत इथे दुखतं, डावा हात जड झालाय, कालपासून. प्राण्यांच्या दवाखान्यात आले आणि हा आवाजच नाहीसा झाला. टेबलावर कुत्रा आडवा पडलेला, आणि बोलणारे दुसरेच. एक, ज्यानं त्याला शेवटचं धडधाकट पाहिलं तो. दुसरा, ज्यानं काही पाहिलेलं नाही पण घाबरून सगळं तोच सांगतोय. आणि तिसरे, डॉक्टर. या तिघांचं बोलणं कागदावर एकमेकांत मिसळू न देणं, हे माझ्या मते या कामाचं मूळ आहे.

म्हणजे कसं? मालक सांगतात, ‘ताई, याचा पाय मोडला, कालपासून लंगडून राहिला.’ मी ‘पाय मोडला’ असं लिहीत नाही. मी लिहिते : मालकांच्या सांगण्यानुसार काल रात्रीपासून मागचा उजवा पाय टेकवत नाही. पाय मोडला की सांधा निखळला की पंजात काटा रुतलाय, हे डॉक्टर तपासून सांगतील आणि ते मी डॉक्टरांच्या नावानं, वेगळ्या जागी लिहीन. पहाटे चारला दुसरे डॉक्टर तो कागद उघडतात तेव्हा कोणती गोष्ट ऐकलेली आहे, कोणती तपासलेली आहे आणि कोणता अजून अंदाज आहे, हे त्यांना कळलंच पाहिजे.

मे महिन्यातलं एक उदाहरण देते. नागपुरात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो तेव्हा सूर्य मावळला तरी टिनाच्या शेडमधली धग जात नाही. हुडकेश्वरकडून एक पग आला, गच्चीवर बांधलेला. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकणं मुळातच जड जातं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, याचं १०७.२ होतं. डॉक्टरांचे दोन्ही हात त्याच्यावर, तोंडानं बोलणं सुरू : हिरड्या गडद लाल, नाडी वेगात, जुलाबात रक्त. मी लिहितेय. आल्याची वेळ ९.१०, ताप १०७.२. नळाच्या पाण्यानं भिजवणं आणि पंखा, सुरुवात ९.१२. पुढे ९.२० ला १०५.४. ९.२७ ला १०३.६, आणि इथे मी मोठ्यानं म्हणते, ‘डॉक्टर, एकशे तीन पॉइंट सहा.’ कारण १०३.५ च्या आसपास गार करणं थांबवायचं असतं. थांबवल्यावरही ताप काही वेळ उतरत राहतो. पाणी ओततच राहिलं तर तो हवा त्यापेक्षा खाली जातो आणि नवीनच संकट उभं राहतं. त्या खोलीत प्रत्येकाचं लक्ष कुत्र्यावर असतं. घड्याळावर लक्ष ठेवायला माणूस लागतो, आणि तो माणूस मी असते.

त्याच कागदाचं पुढचं काम सकाळी सुरू होतं. उष्माघातात मूत्रपिंडाचं, यकृताचं आणि रक्त गोठण्याच्या क्रियेचं नुकसान एक ते तीन दिवसांत वर येतं. त्या वेळी ‘कुत्रा फार तापला होता’ एवढ्यावर डॉक्टरांचं भागत नाही. सर्वांत जास्त ताप किती होता, खाली यायला किती वेळ लागला, आल्यावर लघवीचा रंग कसा होता, हे त्यांना हवं असतं.

आता आकड्यांबद्दल, कारण मुलाखतीत कोणी हे सांगणार नाही. प्राण्यांची बहुतेक औषधं किलोमागे मोजून देतात. एकाच रात्री त्याच टेबलावर दोन किलोचं मांजर येतं आणि पन्नास किलोचा ग्रेट डेनही. म्हणून वजन काट्यावरचंच लिहायचं. ‘असंन वीसेक किलो’ असं मालक म्हणाले तर ‘अंदाजे, मालकांच्या सांगण्यानुसार’ हे शब्द त्यासोबत गेलेच पाहिजेत. वीस किलोच्या कुत्र्याचं हृदय थांबलं तर ॲड्रेनालिनचा डोस ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या ॲम्प्यूलमधलं (औषधाची छोटी कुपी, एका मिलित एक मिलिग्रॅम) ०.२ मिलि. टिंबाआधीचं शून्य लिहिलं नाही आणि घाईत टिंब पुसट उठलं, तर ते २ वाचलं जातं. दहापट. म्हणून टिंबाआधी शून्य कायम, आणि पूर्ण आकड्यानंतर टिंब-शून्य कधीच नाही, कारण २.० चं २० व्हायला वेळ लागत नाही. मिलिग्रॅम आणि मिलि यांच्यातही गल्लत नको. डॉक्टर जे बोलतात ते मी परत मोठ्यानं म्हणते, त्यांनी ‘हो’ म्हटलं की लिहिते. आणि ‘सांगितलं’ व ‘दिलं’ या दोन वेगळ्या नोंदी असतात. औषध सांगितलं ९.३१ ला, शिरेतून गेलं ९.३४ ला. ही सवय तुला लागली तर बाकी सगळं शिकता येईल.

सगळ्यात अवघड वेळ हृदय बंद पडतं तेव्हाची. कुत्र्या-मांजरांच्या सीपीआरसाठी ‘रिकव्हर’ नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ती पहिल्यांदा २०१२ साली आली आणि २०२४ मध्ये सुधारली गेली. मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबायची, मिनिटाला १० श्वास, आणि दर दोन मिनिटांनी छाती दाबणारा माणूस बदलायचा, कारण दोन मिनिटांनंतर थकलेल्या हातांचा जोर कमी होतो आणि हे त्या माणसाला स्वतःला कळत नाही. मी घड्याळ बघून ‘दोन मिनिटं’ म्हणते, माणूस बदलतो, तेवढ्यात डॉक्टर ईसीजी बघतात. ॲड्रेनालिन दर तीन ते पाच मिनिटांनी, म्हणून शेवटचं कधी गेलं ते मी न विचारता सांगते. माझा आवाज तेव्हा सपाट असायला हवा. आतून कितीही गलबललं तरी मी आकडा स्पष्ट म्हणते, कारण सगळी खोली त्यावर चाललेली असते. कधी थांबायचं ते डॉक्टर ठरवतात. थांबल्याची वेळ मी लिहिते.

पगाराचा आकडा मी सांगत नाही, तो ठिकाणाप्रमाणे फार बदलतो. रात्रपाळीचा भत्ता, पहाटे घरी सोडायला गाडी, आठवड्याची सुट्टी आणि रेबीजची लस, या चार गोष्टी मात्र रुजू होण्याआधी लेखी विचार. शिवाय आपल्याकडे हे पद असलेली रुग्णालयं अजून थोडीच आहेत. बऱ्याच ठिकाणी इंटर्न किंवा रिसेप्शनवरची मुलगीच हे सगळं करते, फोनही तीच उचलते. ‘तातडीची केस सुरू असताना फोन कोण घेणार?’ हे जरूर विचार. ‘तूच’ असं उत्तर आलं, तर तिथे स्क्राइबचं काम धड होणार नाही.

प्रश्न : मी धरमपेठेत राहणारा निवृत्त माणूस. आमच्या कुत्र्याला मध्यरात्री दवाखान्यात नेलं, तर तिथल्या मुलीनं प्रश्नांची सरबत्ती लावली. काय खाल्लं, कधी खाल्लं, लस कधीची. इकडे जीव जातोय आणि तुम्हाला कागद भरायचेत! आधी इंजेक्शन का देत नाही?

उत्तर : काका, मध्यरात्री आपलं जनावर तडफडताना पाहून माणूस चिडणारच. पण कुत्रा आत नेतात तेव्हा श्वास, हिरड्यांचा रंग आणि नाडी लगेच बघतात. गरज असेल तर ऑक्सिजन आणि सलाईन सुरूही होतं. प्रश्न त्याच वेळी चालतात, कारण पुढचं इंजेक्शन कोणतं हे बऱ्याचदा तुमच्या उत्तरावर ठरतं.

उंदराच्या औषधाचंच घ्या. ‘उंदराचं औषध खाल्लं’ एवढ्यानं काही कळत नाही. ब्रोमॅडिओलोनची वडी असेल तर कुत्रा दोन-तीन दिवस खेळत-खात राहतो आणि मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. त्यावर व्हिटॅमिन के-१ आहे, ते आठवडे-आठवडे द्यावं लागतं, आणि वेळेत दिलं तर कुत्रा वाचतो. झिंक फॉस्फाइडची काळी भुकटी असेल तर पोटातल्या आम्लात विषारी वायू तयार होतो, काही तासांतच जिवावर बेततं, आणि त्याला नेमका उतारा नाही. त्या कुत्र्यानं उलटी केली तर तो वायू आजूबाजूच्या माणसांनाही बाधतो, म्हणून गाडीच्या काचा उघड्या ठेवून आणायचं. शेतात फवारायच्या काही कीटकनाशकांवर ॲट्रोपिन लागतं. एका पाकिटावरून इतकं ठरतं. ते पाकीट, फाटकं का असेना, सोबत आणा. उलटीचा फोटो काढा. झटके आले तर आधी मोबाइलवर व्हिडिओ घ्या : झटका आला की चक्कर येऊन पडला, यातला फरक डॉक्टरांना त्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओतून जेवढा कळतो तेवढा आपल्या वर्णनातून कळत नाही. आणि घरी उलटी करवायला मिठाचं पाणी पाजू नका. त्यानं रक्तातलं मीठ वाढून वेगळीच विषबाधा होते.

बोका वारंवार लघवीला बसतो, जोर लावतो आणि काही होत नाही, याला घरचे बहुतेक वेळा बद्धकोष्ठ समजतात. लघवी अडकलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो, कारण रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयावर येतं. म्हणून ‘शेवटची लघवी कधी केली?’ हा प्रश्न आम्ही प्रत्येक बोक्यासाठी विचारतो.

लोक लपवतात, हेही सांगायला हवं. महालातून एक कुटुंब मांजर घेऊन आलं. तोंड सुजलेलं, श्वास जोरात, हिरड्या गुलाबी असायला हव्यात त्या तपकिरी. काही औषध दिलं का? ‘काहीच नाही जी.’ मी प्रश्न बदलला : घरात कोणाला ताप आला की तुम्ही काय देता? तेव्हा आजी म्हणाल्या, ‘अंग गरम लागून राहिलं होतं वं, म्हणून आर्धी गोळी देल्ली मी.’ पॅरासिटामॉल. माणसाला चालणारी ही गोळी मांजराच्या शरीराला मोडता येत नाही. त्यानं रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद जाते, मग हिरड्या तपकिरी होतात. यावर एन-ॲसिटिलसिस्टिन आहे, पण ते किती लवकर सुरू होतं याला महत्त्व. मी लिहिलं : पॅरासिटामॉल, गोळीची ताकद, अर्धी, सायंकाळी साडेसहाच्या सुमारास. कोणी दिली ते लिहिलं नाही. उपचाराला त्याची गरज नव्हती आणि त्या आजींना तो कागद पुढे कोणीतरी दाखवावा, हे मला नको होतं.

तेव्हा काका, पुढच्या वेळी ती मुलगी विचारेल ते सगळं सांगा. घरात भांग होती, गांजा होता, होळीला कोणी काही पाजलं, शेजाऱ्यानं मारलं, हेसुद्धा. तिला कोणाची चौकशी करायची नसते.

प्रश्न : मी काटोल तालुक्यातला. बारावी झालो आहे, घरी गाई-म्हशी आहेत. असं काम दोन वर्षं केलं तर औषधांची माहिती होईल. मग गावात जनावरांना सलाईन-इंजेक्शन देण्याचा धंदा करता येईल का?

उत्तर : नाही, भाऊ. माहिती होईल, हे खरं. पण रोगाचं निदान करणं आणि औषध लिहून देणं हा हक्क १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या पशुवैद्यकाचा आहे. पदविका झालेल्यांनासुद्धा काही ठरावीक सेवाच आणि त्याही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली देता येतात. मी इतक्या केसेस लिहिल्या, तरी शेजारच्यांच्या कुत्र्याला जुलाब झाले तर त्यांना दवाखान्याचा फोन देते. गोळी सांगत नाही.

आणि हे केवळ कायद्यासाठी नाही. नुकतीच व्यालेली गाय खाली बसली, उठत नाही, मान वळवून पोटाशी घेतली, तर गावात सगळे म्हणतात, कॅल्शियम लावा. कॅल्शियमनं गाय उठते, हे तू पाहिलंही असशील. पण तेच कॅल्शियम शिरेतून भरभर गेलं तर हृदयाचे ठोके बिघडून गाय जागच्या जागी मरते. डॉक्टर बाटली वर-खाली करत, छातीला स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकत ते देत असतात. बघणाऱ्याला फक्त बाटली दिसते.

तुला खरंच जनावरांत राहायचं असेल तर रस्ता आहे. सेमिनरी हिल्सवरचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासूनचं, आता महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली आहे. भौतिक, रसायन, जीवशास्त्र घेऊन बारावी असेल तर नीट देऊन पदवीसाठी प्रयत्न कर. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं लागतात. ते जमणारं नसेल तर पशुसंवर्धनाच्या पदविकेची चौकशी कर.

गावात मात्र तू आजपासूनच एक मोठं काम करू शकतोस. गोठ्यात वही ठेव. कोणती गाय कधी व्याली, दूध किती, आज कोणता चारा, रवंथ करते की नाही, शेण-लघवी कशी. कोवळ्या ज्वारीच्या शेतात जनावर शिरलं आणि पोट फुगलं, श्वास लागला, तर १९६२ या सरकारी क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला फोन करताना ‘कोवळ्या ज्वारीत शिरलं, अमुक वाजता’ हे पहिलं वाक्य असू दे. त्यावरून डॉक्टर वेगळं औषध सोबत घेऊन निघतील.

प्रश्न : मी मानेवाड्याची. माझी मुलगी याच कामाला लागली आहे. सकाळी घरी येते ती गप्प. कधी एखादा कुत्रा ‘झोपवला’ म्हणते आणि न जेवता झोपते. तिला हे काम सोडायला सांगू का?

उत्तर : मावशी, लगेच सोडायला सांगू नका. पण तिच्याकडे लक्ष द्या, ते तुम्ही देताच आहात.

ती काय करून आलेली असते ते सांगते. जनावराला ‘झोपवायचा’, म्हणजे इंजेक्शननं शांत मरण द्यायचा, शेवटचा निर्णय होतो तेव्हा संमतीपत्र भरावं लागतं. ते इंग्रजीत असतं. आमच्याकडे ते मालकांना मराठीतून वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे आहे. मी ते सावकाश वाचते, मध्ये थांबते, ‘काही विचारायचं आहे का?’ म्हणते. पैशामुळे हा निर्णय घेणारी माणसंही असतात, आणि त्यांची मान खाली गेलेली असते. त्यांच्याशी वागताना आपल्या चेहऱ्यावर निवाडा दिसता कामा नये. बारा-तेरा वर्षं घरात वावरलेलं जनावर आहे. सही करताना हात थरथरतो, सही चुकते, मी दुसरा कागद देते. मग आत जाऊन औषध, मात्रा, वेळ लिहिते. लगेच दुसऱ्या टेबलावर पार्व्हो या जीवघेण्या आजाराचं पिल्लू आलेलं असतं आणि तिथे मला नव्या कागदावर वजन लिहायचं असतं. रडायला मधे जागाच मिळत नाही. ते रडू सकाळी घरी येतं.

तिला ‘आज किती गेले?’ असं विचारू नका. ‘आज कोण कोण आलं होतं?’ असं विचारा, मग वाचलेल्यांचंही सांगेल. खोलीत अंधार करा, तिच्या झोपेच्या वेळात पाहुणे आणि मिक्सर दोन्ही लांब ठेवा, आणि उठल्यावर गरम जेवण हवंच. माझ्या घरी हे सगळं आईनं केलं, म्हणून मी टिकले असं मी मानते. सुट्टीच्या दिवशीही झोप लागत नसेल, जनावरांविषयीच मन कोरडं पडल्यासारखं बोलायला लागली असेल, तर रात्रपाळी बदलून घ्यायला सांगा. त्यानंही उतार पडला नाही तर समुपदेशकाकडे घेऊन जा, त्यात कमीपणा नाही.

आणखी एक, हे तर आजच विचारा : रेबीजची प्रतिबंधक लस झाली का? जनावरांसोबत काम करणाऱ्यानं ती चावा लागण्याआधीच घ्यायची असते. पूर्वीपासून चालत आलेलं वेळापत्रक पहिला दिवस, सातवा आणि एकविसावा किंवा अठ्ठाविसावा असं आहे, डॉक्टर सांगतील तसं घ्यावं. ती झालेली असली तरी चावा किंवा ओरखडा लागला तर साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. अशा वेळी दोन बूस्टर पुरतात, सीरम (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही. ‘मी तर फक्त लिहिते, मला कोण चावतं?’ असं ती म्हणेल. टेबलाच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसालाही कुत्रा चावतो.

प्रश्न : भंडाऱ्याहून लिहितो. माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. इंग्रजी कच्चं आहे. हे काम जमेल का?

उत्तर : जमेल. साहित्यातलं इंग्रजी इथे लागत नाही. शरीराचे भाग, औषधांची नावं, शे-दीडशे संक्षेप, एवढं पाठ असलं की निम्मी वाट चाललास. एक मात्र बघ : दिवसातून एकदा यासाठी ‘एसआयडी’ हा संक्षेप प्राण्यांच्या डॉक्टरांतच चालतो, माणसांच्या औषधांच्या दुकानदाराला तो कळेलच असं नाही, आणि घाईत तो ‘बीआयडी’ म्हणजे दोनदा असाही वाचला जातो. आमच्याकडे घरी न्यायच्या चिठ्ठीवर मी ‘रोज सकाळी एक’ असं मराठीतच लिहिते. रात्री दोन वाजता सावनेरहून आलेल्या माणसाचं वऱ्हाडी-हिंदी मिसळलेलं बोलणं नीट ऐकून त्यातली वेळ, प्रमाण आणि क्रम उचलता येणं, हे इंग्रजी माध्यमातल्या पुष्कळ मुलांना जमत नाही. तुला ते जमत असणार. टायपिंगचा रोज अर्धा तास सराव कर, बातम्या ऐकत ऐकत.

प्रश्न : मी सातवीत आहे, इतवारीत राहतो. संक्रांतीला मांजात अडकलेली घार आमच्या गच्चीवर पडली होती. पुन्हा असं झालं तर काय करू? तुम्ही पक्ष्यांचंही लिहिता का?

उत्तर : लिहिते, बाळा. संक्रांतीच्या दिवसांत घारी, बगळे, गव्हाणी घुबडं येतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे, तरी तो विकला जातो. तू आणि तुझे मित्र तो घेऊ नका, आणि कोणी विकताना दिसलं तर घरच्यांना सांग.

पक्षी सापडला तर मांजा ओढायचा नाही. तो पंखात आणखी खोल जातो. दोन्ही बाजूंनी थोडा लांब ठेवून कात्रीनं कापायचा, आत रुतलेला तसाच राहू द्यायचा. चोचीत पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. भोकं पाडलेल्या खोक्यात जुनं सुती कापड अंथरून पक्षी आत ठेवायचा आणि झाकायचा, अंधारात तो शांत राहतो. सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जंगली पक्षी-प्राण्यांवर तिथे उपचार होतात. घार घरी पाळता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाई आहे, म्हणून ती लवकर पोचवायची.

खोक्यावर एक चिठ्ठी चिकटव : कुठे सापडली, किती वाजता, मांजा कोणत्या पंखात होता, तुम्ही काय केलं. गल्लीचं नाव नक्की लिही, कारण बरी झालेली घार शक्यतो जिथली तिथेच सोडतात. आणि घारीचे पंजे फार जोरानं धरतात, म्हणून तिला तू उचलू नकोस. बाबा किंवा काकांना जाड टॉवेल टाकून उचलू दे, चिठ्ठी तू लिही.